झाडाचे आभार मानायचे नसतात

"गीर्श काढलास का?"

रोसविताचा फोनवरचा पहिला प्रश्न हा. नवरा जेवला का, झोपला का, जिवंत आहे का, हे सगळं मागाहून. गुडघा बदलून ती तीन आठवड्यांसाठी आरोग्यधामात गेली होती आणि रोज दुपारी बाराच्या ठोक्याला तिथून बाग चालवत होती.

"काढतोय," एगोन वेंडलर म्हणाला. तो सकाळी सातपासून गुडघ्यांवर होता आणि त्याचे गुडघे जुनेच होते.

"मुळासकट काढ. चिवट तण आहे ते, बोटभर तुकडा राहिला तरी महिन्यात सगळा वाफा खातो तो. आणि कंपोस्टच्या ढिगात टाकू नकोस. खोक्यात भर, घरी ने, शहराच्या कचऱ्यात टाक. मग आयरिसचे गड्डे फोड. पानं वीतभर ठेवून काप, मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळ, खोक्यात भर आणि फाटकाबाहेर ठेव. ज्याला हवं तो नेईल."

"बरं."

"आणि कुणी आभार मानायला लागलं तर तोंड बंद कर त्याचं. झाडाचे आभार मानले की झाड धरत नाही."

"अगं, ते मला माहीत आहे. मी काय परवा आलोय का या गावात?"

एगोनने लाइप्झिगमध्ये एक्केचाळीस वर्षं ट्राम चालवली. सगळं रुळावर, सगळं वेळेवर. बागेत मात्र एकही गोष्ट रुळावरून जात नाही, हे त्याला निवृत्त झाल्यावर कळलं आणि तेव्हापासून तो बागेला जरा भिऊनच असायचा. सतरा नंबरचा हा तुकडा रोसविताच्या वडिलांनी कसलेला. इथल्या नाशपातीखाली तिचा पाळणा बांधलेला होता. आणि आता त्याच तुकड्यावर, तो भाड्याने देणाऱ्या 'सायंशांती' बागमंडळाची दोन पत्रं येऊन पडली होती: तण प्रमाणाबाहेर, सुधारणा करावी. तिसरं पत्र आलं की किल्ली परत. जागेसाठी वाट पाहणाऱ्यांची यादी एवढी लांब होती, की तिच्यातले दोघेतिघे वाट बघता बघता वारलेसुद्धा होते.

पाहणी उद्या, शनिवारी, दहा वाजता.

तर त्याने बायकोचं ऐकलं. फार ऐकलं, हीच गडबड झाली. ट्रामवाल्याला सूचना दिली की तो ती प्रत्येक थांब्यावर पाळतो. त्याने आयरिसची पानं कापली, मुळं ओल्या कागदात गुंडाळली, केळ्याच्या खोक्यात भरली. आणि गीर्शचीही पानं कापली, त्याचीही पांढरी मुळं ओल्या कागदात निगुतीने गुंडाळली आणि तशाच दुसऱ्या केळ्याच्या खोक्यात भरली. नातवंडाला दुपट्यात गुंडाळावं, तसं गुंडाळलं होतं गड्याने ते तण!

आयरिसचा शेवटचा गड्डा कुऱ्हाडीने फोडत असताना कुंपणापलीकडून शेजारी डीटमार ओरडला, "एगोन! एक वाजला! कुऱ्हाड खाली ठेव!"

एक ते तीन मंडळात शांतता. या वेळात कुणी खिळा ठोकला तरी पत्र येतं. एगोनने कुऱ्हाड अशी टाकली की जणू ती पोलिसांनी पाहिली असावी. घाईघाईने एक खोकं फाटकाबाहेर ठेवलं, त्यावर 'घेऊन जा' असा पुठ्ठा लावला, दुसरं शेडमध्ये सरकवलं आणि आरामखुर्चीत आडवा झाला. डोळा लागला.

तीन वाजता उठून पाहतो तर बाहेरचं खोकं गायब. चला, गेलं एकदाचं! मग घरी न्यायचं खोकं उचलायला तो शेडमध्ये गेला, कागद जरा बाजूला केला, आणि मटकन खाली बसला. आतून आयरिसचे जाडजूड गड्डे त्याच्याकडे बघत होते.

"डीटमार!" तो कुंपणाशी धावला. "माझं खोकं कुणी नेलं?"

"क्लाबुंडेबाईंनी."

"कोणी?"

"अरे, आपल्या अध्यक्षबाई, दुसऱ्या कोण? मोठ्या खुशीत होत्या. मी म्हटलं, पांढरी मुळं दिसतात, रोसविताच्या आईच्या त्या मे महिन्यातल्या घंटाफुलांची असणार. त्या म्हणाल्या, हो तर. छातीशी धरून नेलं बघ. काय रे, पांढरा का पडलास?"

"ऊन लागलं," एगोन म्हणाला.

बाईंचा एक नंबरचा वाफा म्हणजे मंडळाचा आदर्श वाफा. नवे सभासद आले की त्यांना आधी तिथे नेऊन उभं करतात. त्या वाफ्यात गीर्श! आणि तो कुणी दिला? ज्याच्यावर गीर्शबद्दलच दोन पत्रं निघालीत, त्याने. सांगावं तर तिसरं पत्र आजच, न सांगावं तर महिन्याभरात. रोसविताला काय सांगायचं? नवा गुडघा घेऊन ये, पण बाग गेली?

मग त्याला ते आठवलं. झाडाचे आभार मानले की झाड धरत नाही. एरवी असल्या गोष्टींना तो हसायचा. पण बुडत्या माणसाने हसायचं कशाला? क्लाबुंडेबाईंच्या तोंडून एकदा, फक्त एकदा 'आभारी आहे' निघालं पाहिजे!

तो एक नंबरला गेला तेव्हा बाई वाफ्यात ओणव्या होऊन ताजी माती थापटत होत्या.

"लावलंत वाटतं?"

"लावतेय."

"खोकं मिळालं ना?"

"मिळालं."

"मग... काही म्हणायचं नाही का तुम्हाला?"

"झाडाबद्दल काही म्हणायचं नसतं, वेंडलर. एवढी वर्षं इथे आहात, एवढंही कळत नाही?"

"तसं नाही, पण माणुसकी म्हणून..."

"माणुसकी माणसांशी. झाडांशी नियम."

एगोन परत फिरला, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आलुबुखारचा केक घेऊन पुन्हा हजर. बाईंनी चष्म्यावरून आधी केककडे, मग त्याच्याकडे पाहिलं.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या.

एगोनचा चेहरा उजळला. "म्हणजे सगळ्याचेच ना? केक आणि... एकूणच?"

"फक्त केकचे."

"एकदम सगळ्याचे मानून टाकले असते तर बरं झालं असतं."

"तुमची तब्येत बरी आहे ना, वेंडलर? घरी जा. उद्या दहाला भेटू." आणि त्यांनी तिरक्या नजरेने कुंपणाकडे पाहिलं. तिथे एगोनच्या मागोमाग आलेला डीटमार उगाचच एका गुलाबाला पाणी घालत होता. झारी कधीच रिकामी झाली होती, पण घालत होता.

शनिवारी दहाला तिघं आली. क्लाबुंडेबाई, हातात वही. एक लंबूटांग चिटणीस, हातात घडीची पट्टी. आणि एक खजिनदार, जो काहीच करत नसे, पण सगळीकडे मान हलवी. चिटणिसाने कुंपणाची उंची मोजली, शेड मोजली, भाजीचा वाफा पावलांनी मोजला. एगोन त्यांच्यामागून चालला होता. त्याने रात्रीच सगळा मजकूर पाठ केला होता: बाई, चूक झाली, बायकोला पत्र पाठवू नका, मला काय हवं ते करा.

फ्लॉक्सच्या फुलांच्या ताटव्यापाशी बाई थांबल्या, वाकल्या. पानाआडून एक कोवळं, तीन पात्यांचं हिरवं पान डोकावत होतं. गीर्श! एगोनने डोळे मिटले. संपलं.

डोळे उघडले तेव्हा पान जागेवर नव्हतं. बाईंचा हात एप्रनच्या खिशातून बाहेर येत होता.

"सतरा नंबर," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दोष नाही. तुम्ही दोघं अठराकडे व्हा, मी आलेच."

दोघं पुढे गेले. एगोनच्या तोंडून पाठ केलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "बाई, ते खोकं, ती घंटाफुलं नव्हेत, तो..."

"गीर्श होता. चौतीस वर्षं बागेत घालवलीत मी, वेंडलर. कागद उचलायच्या आधी वासावरून कळलं."

"मग नेलं कशाला?"

"पाहणीच्या आदल्या दिवशी खोकंभर गीर्श फाटकावर, वर 'घेऊन जा' म्हणून पाटी! चिटणिसाने पाहिलं असतं तर संध्याकाळी किल्ली घेऊन गेला असता तुमची. थेट कचऱ्यात टाकून आले. वाफ्यात काल कोबी लावत होते मी."

"मला सांगायचं तरी! मी रात्रभर डोळा मिटला नाही!"

"डीटमारच्या देखत कसं सांगणार?" बाईंचा आवाज उतरला. "सहा वर्षांपूर्वी हा फ्लॉक्सचा गड्डा मीच रोसविताला दिला होता. मुळांत काय गुंतलं होतं ते मी पाहिलं नाही. तिने आभार मानले नाहीत. रीतभात जाणणारी बाई. मग काय, धरलं ते. फ्लॉक्सही आणि तेही. दोन्ही पत्रांवर सही करताना मला किती लाज वाटली, ते सांगता येत नाही. पण नियम म्हणजे नियम."

एगोन फ्लॉक्सकडे बघतच राहिला.

बाई फाटकापर्यंत गेल्या आणि वळल्या. "कचऱ्यात टाकलाय खरा. पण गीर्शचा काय भरवसा? एखादा तुकडा सांडला असेल वाटेत." त्यांनी वही छातीशी धरली, ताठ उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मनापासून आभारी आहे, वेंडलर. फार फार आभारी आहे."

बाराच्या ठोक्याला फोन वाजला.

"काय झालं?" रोसविताने घाईघाईने विचारलं. "सांग लवकर. बाग आहे ना?"

"आहे गं. दोष नाही म्हणाल्या. वहीत लिहिलंसुद्धा."

पलीकडे ती रडत होती की हसत होती, कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि आयरिस? क्लाबुंडेबाईंनी नेला का त्यातला एखादा?"

"खोकंभर नेलं त्यांनी," एगोन सावधपणे म्हणाला. "जाताना आभारही मानले. दोनदा."

पलीकडचं नाक ओढणं एकदम थांबलं.

"एगोन," रोसविता हळूच म्हणाली, "काय दिलंस तू त्यांना?"