बोटसाहेबांची आवराआवर

"उद्या शाळा सुरू व्हायच्या आत हे घर असं मोकळं करून दाखवतो, की हाक मारली तर घुमेल!" रविवारी सकाळी चहाचा घोट घेत बोटसाहेबांनी जाहीर केलं.

बोटसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका मोठ्या गोदामात मुख्य तपासनीस होते. आलेल्या खोक्यावर उजव्या हाताचं बोट फिरवायचं, ते डोळ्यांसमोर धरायचं, "हं" म्हणायचं आणि पुढच्या खोक्याकडे वळायचं, हे त्यांचं काम. खोकी उघडून आत बघायला दुसरी माणसं होती. तिथल्या हमालांनी त्यांना हे नाव ठेवलं, आणि हा आपल्या बोटाचा गौरवच आहे असं समजून त्यांनी ते घरी येऊन छाती फुगवून सांगितलं! तेव्हापासून घरातही तेच नाव चालू झालं, फक्त त्यांची पाठ वळल्यावर.

"नियम एकच," ते म्हणाले. "ज्या वस्तूवर धूळ, ती वस्तू वापरात नाही. जी वापरात नाही, ती अडगळ. आणि अडगळ गेली भंगारात! दया नाही, माया नाही, चर्चा नाही!"

बायको दवाखान्यात परिचारिका होती आणि त्या दिवशी तिला कामावर जायचं होतं. चपला घालता घालता ती म्हणाली, "अहो, एक ऐका, पलंगाखालची ती..."

"सूचना नकोत!" बोटसाहेबांनी बोट वर केलं. "गोदामात मला कुणी सूचना देत नाही."

"तिथे कुणाला उद्या शाळेत जायचं नसतं," असं म्हणून ती गेली. बस चुकत होती, नाहीतर तिने वाक्य पुरं केलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

लेकीचा दुसऱ्या दिवशी नव्या शाळेतला पहिला दिवस होता. गेल्या वर्षी जागा भरल्या म्हणून या शाळेने तिला नाही म्हटलं होतं, यंदा कशीबशी वर्णी लागली होती. शाळा शिस्तीची. गणवेश नसेल तर फाटकातूनच परत, मग तुम्ही कुणीही असा! लेक त्या फाटकाच्या धास्तीने आठवडाभर नीट जेवत नव्हती. आता ती मैत्रिणीकडे वेणी कशी घालायची याची तालीम करायला गेली होती. म्हणजे घरात उरल्या फक्त सासूबाई.

सासूबाईंचा संसार एका कोपऱ्यात मावत होता. न बोलणारा रेडिओ, कापड नसलेली छत्री, झाकणं नसलेल्या बरण्या आणि बरण्या नसलेली झाकणं. जावयाचा नियम त्यांनी स्वयंपाकघरातून नीट ऐकला. जावई आधी माळ्यावर चढले तेवढ्यात त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि रेडिओपासून शेवटच्या झाकणापर्यंत सगळं घासूनपुसून चकचकीत केलं!

बोटसाहेब तपासणीला आले. बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी घराच्या मधोमध मांडून घेतली होती, तिच्यावरून उठून त्यांनी रेडिओवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ.

"चालतो का हा?"

"नियम धुळीचा आहे ना, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "चालण्याचं काही बोलला नव्हतात."

बोटसाहेबांनी बोट मागे घेतलं. स्वतःचाच नियम, मोडणार कसा? रेडिओ राहिला. छत्रीच्या काड्या राहिल्या. झाकणंसुद्धा राहिली! त्याउलट बायकोचं शिवणयंत्र, जाड शब्दकोश आणि पाहुण्यांची गादी, अशा धडधाकट वस्तू धुळीपायी दाराबाहेर गेल्या. विजय मिळवून सासूबाई रेडिओ कुशीत घेऊन आपल्या कोपऱ्यात जाऊन झोपल्या.

मग बोटसाहेब पलंगाखाली वाकले. तिथे एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर धुळीचा असा थर होता, की बोटसाहेबांना भरून आलं. त्यांनी बोट ओढलं. बोट काळं! इतकं निखळ भंगार त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पेटी उघडून बघावी हा विचार त्यांना शिवलाही नाही. ते तपासनीस होते, उघडणारे नव्हते!

भंगारवाल्याने हातगाडीवर सगळं चढवलं आणि गाडी गेली. बोटसाहेब खुर्चीत बसून मोकळ्या घराकडे बघत राहिले. त्यांनी एकदा हाकही मारून पाहिली. चक्क घुमली.

संध्याकाळी बायको आणि लेक एकदमच दारात आल्या. बायको सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला. "पलंगाखालची पेटी कुठाय?"

"गेली!" बोटसाहेब ऐटीत म्हणाले. "बोटभर धूळ होती तिच्यावर."

"असणारच! मीच ठेवली होती ती धूळ!"

"धूळ ठेवली होती?"

"अहो, हिचा नवा गणवेश, बूट, दप्तर, सगळं त्या पेटीत आहे! ही शाळेच्या आधीच घालून मळवेल म्हणून महिनाभर मी त्या पेटीला फडकं लावलं नाही. हात लावला की बोटं उमटणार, लगेच कळणार! कुलपाची किल्ली ही शोधून काढते, धुळीला किल्ली नसते!"

लेकीच्या हातातली रिबीन खाली पडली. ती रडली नाही, नुसती बापाकडे बघत राहिली. ती रडली असती तर बरं, असं बोटसाहेबांना वाटलं.

"दुसरा गणवेश आणू," ते पुटपुटले.

"शिंपी मापाने शिवतो, आठवडा लावतो," बायको म्हणाली. "पेटी आणा! पेटी मिळाल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका!"

बोटसाहेब लेकीला घेऊन भंगाराच्या वखारीत पोचले, तेव्हा भंगारवाला वखार बंद करायच्या तयारीत, एका पेटीवर बसून आपले पाय दाबत होता.

"आमची पेटी द्या!"

"कुठली?" त्याने हात फिरवला. एका भिंतीला, जमिनीपासून छपरापर्यंत, पत्र्याच्या पेट्याच पेट्या होत्या. "रंग कुठला तुमच्या पेटीचा?"

बोटसाहेबांनी आठवून पाहिलं. ज्या पेटीवरच्या पलंगावर ते लग्नापासून झोपत आले, तिचा रंग त्यांना माहीत नव्हता. "धुळीचा," ते म्हणाले.

"इथे आल्या आल्या आम्ही सगळं पुसून घेतो, साहेब. धुळकट माल कोण घेणार?"

आणि खरंच, एकाही पेटीवर कणभर धूळ नव्हती! "निळा," लेकीने रंग सांगितला, पण बघावं तिकडे निळ्याच पेट्या! बोटसाहेबांचं बोट हवेत तसंच राहिलं. ज्या बोटावर त्यांनी सगळी नोकरी काढली, त्याला इथे काडीचं काम नव्हतं. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या आणि जन्मात पहिल्यांदा पेट्या उघडायला घेतल्या. एकीत गंजके खिळे निघाले. एकीत जुने पडदे, एकीत निव्वळ झुरळं! वरच्या पेटीतून कसली तरी भुकटी त्यांच्या डोक्यावर सांडली. शेवटची पेटी उघडून झाली तेव्हा ते नखशिखान्त राखाडी झाले होते, आणि गणवेश कुठेच नव्हता.

"संपल्या," भंगारवाला म्हणाला. "चला, बंद करायचंय मला." तो उठला. त्याच्या वजनाने दबलेलं झाकण सुटलं आणि कुत्र्याच्या पिल्लासारखं कुंईं करून वाजलं.

"बाबा, ही आपली पेटी!" लेक ओरडली. "आवाज ओळखला मी!"

"तुला कसा माहीत गं आवाज?"

लेकीने जीभ चावली. "रोज दुपारी उघडायचे. झाकण खालून काठाला धरून उचललं, की वरची धूळ हलत नाही. रोज घालून बघायचे आणि घडी घालून ठेवायचे. आईला नका ना सांगू!"

पेटीत सगळं जागच्या जागी होतं. लेकीने गणवेश छातीशी धरला, आणि आता मात्र ती रडली. बोटसाहेबांचेही डोळे भरून आले. त्यांच्या गालांवरून चिखलाचे ओघळ आले.

"न्या, बाकीचं सामान उद्या गाडीवरून परत आणून टाकतो," भंगारवाला म्हणाला, "पण दिवसभरात बसायला ही एकच बरी सापडली होती. बदल्यात काहीतरी पाठवून द्या."

"आमची प्लॅस्टिकची खुर्ची नेऊ दे यांना," लेक लगेच म्हणाली. बोटसाहेबांनी राखाडी मान डोलावली.

पेटी डोक्यावर घेऊन ते घरी आले. बायकोने पेटी उतरवून घेतली, लेकीला आत घेतलं, आणि बोटसाहेब पाऊल उचलणार तोच सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा नीट केला. जावयाच्या खांद्यावरून एक बोट ओढलं. ते दिव्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "हं."

"सासूबाई, अहो, मी..."

"दया नाही, माया नाही, चर्चा नाही! तुम्हीच म्हणालात ना?"

आतून बायको हसली, लेक हसली. बोटसाहेब मान खाली घालून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. तेव्हा सासूबाईंनी कमरेचं ओलं फडकं काढलं आणि जावयाचं तोंड, कान, मान चांगलं खसाखसा पुसून काढलं.

"या आत," त्या म्हणाल्या. "रेडिओसुद्धा चालत नाहीच की. ठेवलाच ना पुसून?"