आप्पाकाकांचं ऐतिहासिक उद्यान

आमच्या शेजारचे आप्पाकाका गावच्या किल्ल्याकडे पाठ करून बसत नाहीत. गावजेवणाच्या पंगतीत वाढप सुरू झालं तरी पान उचलून समोरच्या ओळीत जातात. न्हाव्याची खुर्ची फिरवून घेतात. त्यांच्या लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड फोटोग्राफरकडे बघतंय आणि नवरदेव मात्र बाजूला, टेकडीवरच्या बुरुजाकडे!

"पाठ केली तर इतिहास जाब विचारील!" हे त्यांचं पालुपद. काकींच्या आमटीत मीठ जास्त झालं तरी इतिहास विचारणार, ग्रामपंचायतीचा नळ गळला तरी इतिहासच विचारणार. मी एकदा म्हटलं, "काका, इतिहासाला दुसरा कामधंदा नाय काय वो?" तर आठवडाभर रुसून बसले.

गुहागरहून गावात कुठलाही साहेब येवो, काका गाडीपुढे उभे. मागणी एकच: किल्ल्याचं सरकारने मोठं ऐतिहासिक उद्यान करावं. गुरांच्या डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं. त्या बिचाऱ्याने म्हशीला इंजेक्शन दिलं नि पळ काढला.

आणि एके दिवशी खरंच मंजूर झालं की हो! काकांनी घरोघर पेढे वाटले. मोजणीवाले आले, त्यांना फीत धरायला माणूस कमी पडला, तर हे धावले. काकींनी सगळ्यांना चहा पाठवला. फीत बुरुजापासून निघाली, आमच्या काजूच्या बागेतून गेली आणि काकांच्या परसाच्याही पलीकडे जाऊन थांबली. टोक काकांच्याच हातात. त्यांचं राहतं घर हद्दीच्या आत आलं होतं.

"साहेब, एवढं लागतं?" काकांनी विचारलं.

"पार्किंग, तिकीटघर, सगळं आलं ना आजोबा."

आमची काजू गेली, खालच्या वाडीतली तीन घरं गेली. लोकांनी काकांशी बोलणं टाकलं. मीही टाकलं, राग यायचाच की! सुनावणीला सगळ्यांनी हरकती घेतल्या. काकांची पाळी आली तर म्हणाले, "मागणी माझी. मी कुठल्या तोंडाने हरकत घेऊ?" आणि खाली बसले.

काकी घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "मला विचारलंत कधी?" घराचे चिरे त्यांनी डोक्यावरून वाहिले होते. त्यांना इथेच मरायचं होतं, आणि तसं त्या सगळ्यांना सांगत असत.

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही, भाकरी घेऊन गेले. सामान टेम्पोतून गेलं होतं. घर रिकामं, झाडून लख्ख. सकाळी जेसीबी येणार, आणि आप्पाकाका अंगणात उकिडवे बसून शेणाने सारवत होते. ज्या माणसाने जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो! काकी पायरीवर गुडघे दाबत बसलेल्या.

"ती म्हणते, घर देताना घाणेरडं द्यायचं नाय," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिला आता खाली बसवत नाय. म्हटलं, मी करतो." मग त्यांचा हात थांबला. "मीच मागितलं गो हे. मीच तिला घराबाहेर काढलं." आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. मलाही रडू आवरेना.

काकी उठल्या. मला वाटलं, आता बोलतील चार शब्द. त्यांनी शेणाची बादली काकांच्या जवळ सरकवली.

"तुळशीकडचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "नीट सारवा. घाई नाय."