तुळशीरामभाऊंचा तारांकित प्रश्न

माझ्या मुलीच्या निकाहाला खासदार तुळशीरामभाऊ आले, नवऱ्या मुलाचा हात त्यांनी हातात घेतला आणि त्याला एक प्रश्न विचारला. प्रश्न चार भागांत होता. "क, तुमी आमच्या पोरीले सुखात ठेवणार हाय काय, ख, असल्यास तत्संबंधी ब्यौरा काय, ग, त्यासाठी काही कालमर्यादा ठरवली काय, आनि घ, नसल्यास काऊन नाई?"

जावई घुग्घुसच्या खाणीत पाळीवर जाणारा साधा मुलगा. काझीसाहेबांनी नुकतंच त्याच्याकडून 'कबूल है' एवढ्यावर सगळं आटपून घेतलं होतं. हा नवा पेपर बघून तो घामाघूम झाला. भाऊ उत्तराची वाट बघत उभे, हात सोडायला तयार नाहीत, आणि मागे पाहुणे बिर्याणीकडे डोळे लावून खोळंबलेले. शेवटी मीच पुढे होऊन म्हटलं, "भाऊ, याचं उत्तर लेखी देतो." तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.

मी रफीक. भद्रावतीच्या शाळेत हिंदी शिकवायचो. निवृत्त झालो आणि आता निवांत बसू म्हणत होतो, तोच भाऊंनी मला स्वीय सहायक म्हणून उचललं. कारण एकच. भाऊंची भाषा सिंदेवाहीची आणि प्रश्न दिल्लीचे. "मास्तर," ते म्हणाले, "सरकार आपली गोठ आयकत नाई, काऊन का आपली गोठ साध्या कपड्यात जाते. तुमी तिले कोट घालून द्या." तेव्हापासून मी भाऊंच्या गोठीला, म्हणजे गोष्टीला, 'क्या मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि' असा कोट शिवतो आहे, तपशिलाला 'ब्यौरा' म्हणतो आहे. शिवून शिवून माझी स्वतःची भाषा गेली. परवा बायकोला मीठ मागताना मी कृपा करण्याची विनंती केली.

भाऊ कायमचे विरोधी पक्षात. यात तत्त्वाचा भाग थोडा, नशिबाचा जास्त. पक्ष सत्तेत आला तेव्हा भाऊ पडले. भाऊ निवडून आले तेव्हा पक्ष पडला. असं इतक्यांदा झालं की पक्षातले जाणकार भाऊंच्या विजयाला अपशकुन मानायला लागले. भाऊंना मात्र विरोध अंगी लागला. चहात साखर बरोबर पडली तरी त्यांना वाटतं, यात काहीतरी लपवलं जात आहे.

आणि त्यांना हवं असतं ते थेट राष्ट्रीय धोरण. त्याखालचं काही त्यांना दिसत नाही. एकदा त्यांनी खोल समुद्रातल्या मासेमारीच्या धोरणावर प्रश्न लावला. मी म्हटलं, "भाऊ, आपल्याला समुद्र नाही. आहेत ते मालगुजारांच्या काळातले मामा तलाव."

"म्हणूनच तं," भाऊ म्हणाले. "ज्याच्याकडं समुद्र हाय तो स्वार्थानं इचारते. मी निःपक्ष इचारतो."

त्याच आठवड्यात गावाकडचे लोक बसच्या थांब्यासाठी आले होते. चंद्रपूरची बस फाट्यावर थांबत नाही, पोरींना शाळेसाठी उन्हातून चालत जावं लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं. भाऊंनी त्यांना प्रेमानं बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि सांगितलं की हा राज्याचा विषय आहे. लोक हात जोडून गेले. थांब्याऐवजी त्यांना खोल समुद्र मिळाला.

एका प्रश्नानं तर भाऊंनी स्वतःचाच बळी घेतला. एका नदीवरचा पूल वर्षानुवर्षं रखडला आहे, याला जबाबदार कोण, असा जळजळीत प्रश्न त्यांनी लावला. 'जबाबदार व्यक्तींची नावं द्यावीत' हे त्यांनीच आग्रहानं घालायला लावलं. मंत्रालय एरवी सुस्त, पण या वेळी उत्तर चटकन आलं. पुलाचं भूमिपूजन ज्यांच्या हस्ते झालं आणि नंतर जागा चुकीची म्हणून ज्यांनी तो दोन वेळा हलवायला लावला, त्या लोकप्रतिनिधीचं नाव त्यात छापलं होतं. भाऊंनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पाहा मास्तर. शेवटी सरकारले खरं बोलाच लागलं."

या माणसाशी संसार करणं म्हणजे रोज प्रश्नोत्तराचा तास चालवणं. तो तास शेवंतावहिनींनी चालवला. वहिनी सातवी शिकलेल्या, पण घरातलं धान आवरता आवरता संसदेचं चॅनल लावून बसायच्या, नवरा दिसतो का ते बघायला. नवरा क्वचित दिसायचा, मंत्री मात्र रोज. त्यामुळे त्यांना मंत्र्यांसारखी उत्तरं देता यायला लागली. भाऊ दिल्लीहून आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "क, सैपाक झाला काय, ख, झाला असल्यास तत्संबंधी ब्यौरा काय?" की आतून आवाज यायचा, "जानकारी एकत्र होऊन राह्यली जी, पटलावर ठेवतो!"

"अन् पूरक प्रश्न इचारला तं?"

"तं उपाशी झोपा. तो राज्याचा इषय हाय."

भाऊ खदखदून हसायचे. सभागृहात एवढं नीट उत्तर त्यांना कधी मिळालं नाही, असं ते दिल्लीत सगळ्यांना सांगत. मीही त्या उत्तरांसाठीच सिंदेवाहीला जायचो, हे आता सांगायला हरकत नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांतून कळायचं, पण शब्द निघत नव्हता. जवळपास बोलायला शिकवणारा माणूस नव्हता, म्हणून भाऊ त्यांना गाडीतून नागपूरला स्पीच थेरपिस्टकडे नेऊ लागले. अधिवेशन नसेल तेव्हा आम्ही दोघं, असेल तेव्हा मी एकटा. भाऊ बरोबर असले की रस्ताभर त्यांचे प्रश्न चालू असत. क, ऊन लागते काय. ख, लागत असल्यास काच वर करू काय. वहिनी खिडकीबाहेर बघत राहायच्या आणि भाऊ उत्तराइतका वेळ थांबून पुढच्या भागाकडे वळायचे. पुढच्या सीटवर बसून ते ऐकणं मला जड जायचं.

त्या दवाखान्याच्या बाकावर आमच्याकडचेच पुष्कळ लोक भेटत. एटापल्लीकडून कुणी, सिरोंच्याकडून कुणी, बस बदलत बदलत आलेले. आमची गाडी होती, त्यांची नव्हती. बहुतेक जण एकदा यायचे आणि पुन्हा दिसायचे नाहीत. एका म्हातारीशी वहिनींची खुणांनी चांगली गट्टी जमली होती. पुढच्या खेपेला ती नव्हती, त्याच्या पुढच्याही खेपेला नव्हती. वहिनींनी डाव्या हातानं बाकावरची रिकामी जागा दाखवली आणि भाऊंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. भाऊ इकडेतिकडे बघायला लागले, तर त्यांनी बाही ओढली आणि पुन्हा जागा दाखवली.

तो प्रश्न वहिनींचा. भाऊंनी त्याला फक्त क, ख, ग लावले. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारा एक तरी माणूस प्रत्येक जिल्ह्यात नेमण्याचं राष्ट्रीय धोरण सरकार आखणार आहे काय. असल्यास तत्संबंधी ब्यौरा काय. नसल्यास काऊन नाई. मी 'काऊन नाई' काढून 'इसके क्या कारण हैं' घातलं.

वाचकांना सांगायला हवं की संसदेत ज्या प्रश्नावर तारा असतो त्यालाच मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो, आणि मग पूरक प्रश्न विचारून त्याला पकडता येतं. बाकीच्यांना कागदावरचं उत्तर मिळतं, ज्यात सरकार 'गंभीर' असतं. तारा कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. भाऊंची चिठ्ठी इतक्या वर्षांत वर आली होती ती फक्त समुद्राच्या वेळी. या वेळी पुन्हा आली, आणि यादीत पहिलीच. भाऊंनी सिंदेवाहीला फोन लावला. वहिनींची देखभाल करणाऱ्या सुमनबाईंनी तो त्यांच्या कानाशी धरला. "मंगळवारी अकरा वाजता टीव्ही लाव वो," भाऊ म्हणाले. "तुहा प्रश्न पहिला हाय."

सोमवारी संध्याकाळी पक्षाची बैठक झाली. देशापुढे एक भयंकर प्रकरण उभं राहिलं होतं. इतकं भयंकर की ते कोणतं होतं हे आज त्या बैठकीतल्या कुणालाही आठवायचं नाही. ठरलं असं, की मंगळवारी अकराच्या ठोक्याला सगळ्यांनी अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरायचं, फलक धरायचे आणि कामकाज बंद पाडायचं.

भाऊंनी गटनेत्यांना गाठलं. "पंधरा मिनटं द्या जी. माहा प्रश्न होऊ द्या, मंग मी सगळ्यायच्या पुढं उतरतो. फलक दोन धरतो."

गटनेते समजूतदार माणूस. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, देशाचा प्रश्न मोठा आहे."

मंगळवारी मी दिल्लीतल्या खोलीत टीव्हीसमोर होतो. अकरा वाजले आणि विरोधी बाकं रिकामी झाली. सगळे हौद्यात. एकटे भाऊ आपल्या जागेवर उभे, पांढरा सदरा, हातात माझा कोट घातलेला कागद. अध्यक्षांनी प्रश्न पुकारला. मंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवल्याचं सांगितलं. भाऊंनी पूरक प्रश्नाला तोंड उघडलं आणि त्यांच्याच पक्षाच्या एका तरण्याबांड खासदारानं त्यांच्यासमोर फलक उंच धरला. पडद्यावर फलक दिसत होता आणि फलकाच्या वर भाऊंचा कागद धरलेला हात. आवाज काहीच येत नव्हता. मग अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं, आणि पडद्यावर संसदेची इमारत आणि संथ संगीत आलं.

पटलावर ठेवलेलं उत्तर मी नंतर वाचलं. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय होता. संध्याकाळी पक्षाकडून भाऊंना दोन ओळी आल्या, हौद्यात का उतरला नाहीत याचा खुलासा करा. मी मनातल्या मनात पक्षाला अशा शिव्या घातल्या की एवढी वर्षं हिंदी शिकवल्याचं सार्थक झालं.

भाऊंनी त्या कागदाची घडी करून खिशात टाकली. मग आम्ही नागपूरमार्गे सिंदेवाहीला आलो. अंगणात गाडी थांबली तशी सुमनबाई पुढे आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाईनं सारं पाह्यलं टीव्हीत. त्या दिवशी जेवल्या नाईत. भाऊले सांगा."

मी वळलो, पण भाऊ तोवर आत पोचले होते. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. भाऊ त्यांच्या पायाशी बसले. मी दारातच थांबलो.

"टीव्हीत नसन दिसलं, पन गोंधळानंतर प्रश्न झाला," भाऊ म्हणाले. "मंत्रीसायब उभे राह्यले अन् हाव म्हणाले, करतो म्हणाले. सरळ हाव. गोलमाल काई नाई. पयला मानूस आपल्याच जिल्ह्यात देतो म्हणाले. ती बुढी येते आता, इथीच येते."

आयुष्यभर सरकारकडे खऱ्या माहितीसाठी तगादा लावणारा हा माणूस, बायकोच्या डोळ्यांत बघत इतकं सफाईनं खोटं बोलत होता की मला मान खाली घालावी लागली. आता वहिनी तोंड फिरवतील, असं मला वाटलं.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात उचलला आणि पलंगाच्या लाकडी पट्टीवर आपटला. पुन्हा आपटला. सुमनबाई घाबरून आत धावल्या. मलाही वाटलं, राग आला. पण वहिनींच्या तोंडावर राग नव्हता. सभागृहात आपल्या माणसानं बाजी मारली की त्याच्या बाजूचे लोक बाकं वाजवतात. वहिनींनी ते टीव्हीत वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

भाऊंसाठी बाक वाजल्याचं मी दिल्लीत कधी ऐकलं नाही. ते उठून उभे राहिले, हात जोडले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना तसेच उभे राहिले. वहिनी वाजवत राहिल्या.