तिरकसचा दुसरा अल्बम

खोलीत एक की-बोर्ड, एक बेस गिटार, एक ड्रमसेट, सहा माइक, आवाज अडवायला भिंतींवर टांगलेल्या चौदा चादरी आणि चार दमलेली माणसं होती. त्यांतली तिघं 'तिरकस' या जॅझ-फ्यूजन ग्रुपची: की-बोर्डवर अंकिता, बेसवर इंद्रजीत आणि ड्रमर बसवेश. चौथा, ध्वनिमुद्रक आशिष, पुण्याहून आला होता; संध्याकाळी त्याची गाडी होती. सोमवारपासून अंकिताची बंगळूरला नोकरी. म्हणजे अल्बम आज, नाहीतर कधीच नाही.

पहिला अल्बम परदेशी वादकांची नक्कल होता, हे तिघांनाही मान्य होतं. मग त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेली ही खोली स्वस्तात घेतली आणि दोन वर्षांत बसवेशच्या हातात एक लंगडता, अवघड, अगदी स्वतःचा ताल आला. नव्या सगळ्या रचना त्याच तालावर उभ्या होत्या. शांतता मिळावी म्हणून त्यांनी मुद्दाम कारखान्याच्या सुट्टीचा दिवस निवडला होता.

शांतता मिळाली. ताल मिळेना.

"बसव्या, कुठं पळतोयस बे?" इंद्रजीतने नवव्यांदा गिटार खाली ठेवली.

"मी कुठं पळतोय? तुम्हीच मागं पडताय की."

आशिषने हेडफोन काढला. "रोज असंच वाजवता?"

"छे! रोज लई भारी होतंय. रोज शेजारी..." इंद्रजीत थांबला. तिघांनी कारखान्याच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं.

कारखान्याच्या मालकीणबाई सावित्रम्मा लग्नाला निघाल्या होत्या. अंकिताने त्यांना फाटकातच गाठलं; बाकीचेही मागोमाग आले.

"अम्मा, तो कोपऱ्यातला अडखळणारा माग तेवढा चालू करा की."

"दोन वर्षं बंद कर म्हणून भांडलीस. आज चालू कर?"

"चुकलं, अम्मा."

"रिकामा फिरवणार नाही मी. टॉवेल निघाले पाहिजेत. आणि माणूस कुठाय? सगळे सुट्टीवर."

"मला येतं चालवायला," बसवेश म्हणाला आणि लगेच पस्तावला. "म्हणजे शाळेत असताना... थोडंफार."

"मग ड्रम कोण वाजवणार?" इंद्रजीतने विचारलं.

आशिष खोलीत गेला, ड्रमसमोरचे चारही माइक काढून घेऊन आला आणि कारखान्यात शिरला.

"अरे, ताल माझाय!" बसवेश ओरडला.

"मग जा की त्याच्याजवळ," अंकिता म्हणाली.

सावित्रम्मांनी बसवेशच्या हातात किल्ली ठेवली. "धागा तुटला की लगेच थांबव. गाण्याच्या नादात राहू नको."

संध्याकाळी पाचपर्यंत सात रचना ध्वनिमुद्रित झाल्या. एकूण बेचाळीस मिनिटं. कोपऱ्यातल्या मागावर अकरा टॉवेल निघाले, त्यांपैकी दोन सदोष.