शेवटी बरी होते का?

सबनिसांची अर्धी गोष्ट मी आजवर कितीतरी बैठकींत सांगितली आणि लोकांना हसवलं. उरलेली अर्धी टाळत आलो. आता ती ठाऊक असलेला माझ्याखेरीज कोणी उरलेला नाही, म्हणून लिहितो.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षं झाली असतील. कलकत्त्यात बालीगंजला सबनीस आमच्या खालच्या मजल्यावर राहत. सरकारी कचेरीत कारकून, लग्न न केलेले, अंगाने काटकुळे. एखाद्या सिनेमात कोणी पांगळं, आंधळं किंवा वेडं आहे असं कळलं, की हे एस्प्लनेडला जाऊन थिएटरच्या दाराशी उभे राहायचे. आधीचा खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्याला गाठून विचारायचे, "मोशाय, मेयेटा शेषे भालो होये जाय?" म्हणजे शेवटी ती मुलगी बरी होते का? होते असं कळलं की तिकीट न काढता घरी परत. एकदा मी बरोबर असताना एक बंगाली गृहस्थ वैतागून म्हणाले, "टिकिट केटे देखुन ना!" म्हणजे तिकीट काढून बघा की. सबनीस माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तेच तर झेपत नाही."

कादंबरी ते शेवटच्या पानापासून उघडत. कोणी पुस्तकाची शिफारस केली की पहिला प्रश्न, "त्यात कोण बरं होतं?"

"नायिका होते. डोक्याला मार लागतो आणि वेड जातं."

"असं होय. मग आमच्या कचेरीत दगड ठेवायला हवेत. राहू द्या ते पुस्तक."

घरात त्यांची धाकटी बहीण, इंदू. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून बायकांची पोलकी शिवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खोड्या काढायची. तिचं मन दुखू नये म्हणून सबनीस हे सगळं करतात, असा आमचा समज. मी एकदा तिला तसं बोलूनही दाखवलं.

ती दोरा दाताने तोडत म्हणाली, "मला काय होतंय? मी गोष्ट वाचते आणि पुस्तक मिटते. दादा वाचतो आणि मग मला उभं करायला येतो. कुठल्याशा गोष्टीत दचकून पांगळीचे पाय सुटले, तर ह्याने ऐन थंडीत माझ्यावर बादलीभर पाणी ओतलं. मी खोकले आणि हा रडला. दारुड्याने गुत्त्याचा रस्ता टाळावा ना, तसं आहे त्याचं."

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं.

त्या वर्षी कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझं नाटक बसत होतं. आमची बरीच मुलं तिथेच वाढलेली, मराठी बोलताना अडखळायची, त्यामुळे प्रॉम्प्टरवाचून नाटक अशक्य. आणि प्रॉम्प्टर एकच, सबनीस. माझी नायिका पांगळी होती. त्यांनी विचारलंच, "शेवटी बरी होते का?"

"छे हो. तशीच राहते," मी म्हणालो.

शेवटचा प्रवेश अजून लिहून व्हायचाय असं सांगून मी त्यांच्या हाती दिलाच नाही. नटांकडून वेगळा पाठ करून घेतला. प्रयोगात नायिकेचा भाऊ जिन्यावरून कोसळला, त्याने बहिणीला हाक मारली, आणि ती उठून धावत गेली. प्रेक्षक रडले. मी विंगेत पाहिलं, तर सबनीस टाळ्या वाजवत होते. सगळ्यांपेक्षा जोरात.

पुढच्या रविवारी सकाळी खालून धडधड ऐकू आली, पाठोपाठ हाक, "इंदू, पडलो गं." मी धावलो. सबनीस जिन्याच्या तळाशी डोळे मिटून पडले होते, कुठे खरचटलंही नव्हतं. इंदूने मात्र खुर्चीतून स्वतःला झोकून दिलं होतं. उंबऱ्यावर आडवी झालेली, कमरेचं हाड मोडलेलं. तिला उचलताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "सोंग आहे हे कळत होतं मला. पण खरंच पडला असता तर?"

त्यानंतर तिला खुर्चीत बसता येईना. खिडकी गेली, शिवण गेलं. वर्षभरात सबनिसांनी नागपूरला बदली मागून घेतली. त्यांना पोचवायला मी हावड्याला गेलो. इंदूला बाकावर निजवलं होतं, ती माझ्याकडेच बघत होती. सबनीस खिडकीतून वाकून म्हणाले, "तुमच्या नाटकात काही खोट नव्हती बरं का. माझीच हाक खोटी पडली. तुमच्या त्या पोराने कशी पोटातून मारली होती."

मी म्हणालो, "प्रवासात पाणी जपून प्या." गाडी सुटली. ते पुन्हा कधी भेटले नाहीत, आणि नागपूर काही माझ्या पायांना लांब नव्हतं.

सबनीस, ती मुलगी मी टाळ्यांसाठी चालवली. तुम्ही विचारलंत तेव्हा सगळं ठाऊक असून खोटं बोललो. तुमच्या हाकेत काही कमी नव्हतं. इंदूताई, तुम्हीही मला क्षमा करा.