आक्कांची चाळीसावी वस्तू

आमच्या शकुआक्का आपल्या उजव्या हाताला 'पावणी' म्हणतात. चहाचा कप डाव्या हाताने उचलायचा आणि मांडीवर निपचित पडलेल्या उजव्याला सांगायचं, "बसा, बसा. पावणीनं काम करायचं नसतं." आल्यागेल्याची तिच्याशी रीतसर ओळखही करून देतात. आता अख्ख्या अवसरी बुद्रुकला याची सवय झाली आहे. रस्त्यात बायका आधी विचारतात, "आक्का, पावणी कशी हाय?" आणि वेळ उरलाच तर आक्का कशा आहेत ते.

आक्का माझ्या चुलत नणंद, आणि शेजारी. आमच्या दोन्ही अंगणांमध्ये एकच भिंत. गावातल्या शाळेत शिकून त्या मेंदूच्या शास्त्रज्ञ झाल्या आणि तीस वर्षं बंगळूरच्या एका संस्थेत उंदरांच्या मेंदूत डोकं घालून बसल्या. लग्न केलं नाही. वेळ मिळाला नाही म्हणतात. मला वाटतं, उंदरांनी परवानगी दिली नसावी. मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्याच मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. माझे मालक जाऊन त्यांना गावी घेऊन आले.

बोलणं परत यायला लागलं तेव्हा एक गंमत झाली. मीटिंगांतलं इंग्रजी मागेच राहिलं आणि लहानपणीची गावची बोली सगळ्यात आधी आली. "लई खोल पुरलेली व्हती, म्हणून वाचली," असा आक्कांचा शास्त्रीय खुलासा.

अडलं होतं ते वस्तूंच्या नावांवर. पातेल्याला बैल म्हणायच्या आणि मग स्वतःच हसायच्या. मी पंचवीस वर्षं अंगणवाडीत पोरांना 'हे काय, ते काय' शिकवलेलं, तेव्हा हे काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. एका टोपलीत चाळीस वस्तू भरल्या. खुरपं, लाटणं, चिमटा, कंदील, झारा, जे हाताला लागलं ते. रोज चार वाजता मी एकेक वस्तू वर धरायची, आक्कांनी नाव सांगायचं, मी वहीत बरोबरची खूण नाहीतर फुली करायची.

"सुमन, चाळीसच्या चाळीस आल्या की बंगळूर," आक्कांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "तितं माझी खुर्ची राखून ठेवलीया."

फुकट शिकणं मात्र त्यांना मान्य नव्हतं. आमच्याकडे कांद्याच्या लागणीला सावड असते. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. आक्कांनी माझ्याशी सावड केली. माझा तासभर नावांचा, त्यांचा तासभर कांद्याचा. डाव्या हाताने एकेक रोप लावत त्या वाफ्यात बसायच्या. त्यांची ओळ सरळ निघायची आणि मधेच माहेरची आठवण आल्यासारखी बांधाकडे वळायची. तोंड चालूच.

"मेल्या त्या पेशी काय उठत न्हाईत. पर शेजारच्या पेशी सावडीला येत्यात. आदी चुकत्यात, मग शिकत्यात. त्यांना रोज नवं काम द्यायचं. उजव्या हाताचं डाव्याला द्या, मेंदूत नवी वाट पडती."

हे रानातल्या बायकांनी ऐकलं आणि गावाचं वाटोळं झालं. घरोघरी डाव्या हाताने दात घासणं सुरू झालं. माझ्या मालकांनी डाव्या हाताने दाढी केली आणि आठवडाभर अर्ध्या मिशीवर हिंडले. सरपंचांनी ठरावावर डाव्या हाताने सही ठोकली आणि तालुक्याहून ठराव परत आला. कडेलोट केला तो आमच्या आळीतल्या बाळूभाऊंनी. त्यांचा बैलगाडा. त्यांनी विचार केला, बैलांना पण मेंदू आहेच की! शेजारच्या गावच्या शर्यतीत त्यांनी उजवा बैल डावीकडे आणि डावा उजवीकडे जुंपला. बैलांनी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, चार पावलं टाकली, एकमेकांकडे पाहिलं आणि गाडा घेऊन थेट भज्यांच्या दुकानात शिरले.

बाळूभाऊ तणतणत आक्कांकडे आले. आक्कांनी शांतपणे वहीत टिपलं आणि वाचून दाखवलं, "प्रयोग फसला. बैलांना इचारलं नव्हतं."

इकडे टोपली मात्र झपाट्याने रिकामी होत होती. दिवाळीपर्यंत एकोणचाळीस वस्तू बरोबर आल्या. राहिला एक झारा. तो काही केल्या येईना. मी झारा वर धरला की आक्का कपाळाला आठ्या घालायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "कंगवा?" दुसऱ्या दिवशी "किल्ली?" मी त्यांच्यापुढे झाऱ्याने भजी तळली, झारा दाराला टांगला. भजी संपली, नाव आलं नाही. तीन महिने झाले. मला रात्रंदिवस टोचणी लागली. एवढी विद्वान बाई माझ्या एका झाऱ्यापायी खुर्ची गमावणार म्हणजे काय!

गेल्या आठवड्यात रानातलं काम लवकर उरकलं म्हणून मी साडेतीनलाच टोपली घेऊन गेले. दार अर्धवट उघडं होतं. आक्का फोनवर बोलत होत्या. डावा हात तांदूळ निवडत होता आणि पावणीला फोन धरता येत नाही, म्हणून तो समोर ठेवून मोठ्या आवाजात लावलेला. पलीकडे त्यांची बंगळूरची विद्यार्थिनी होती, मूळची साताऱ्याची.

"मॅडम, इथे सगळे विचारतायत, कधी येताय?"

"अगं, आजून न्हाई जमत. मला झारा म्हणता येत न्हाई."

मी उंबऱ्यातच थांबले.

"मॅडम, आत्ता म्हणालात की."

आक्कांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "ऐक. तिकडं मी सैपाकघरात पडले तवा दीड दिस कुणाला पत्ता नव्हता. उंदरांना खायला मिळालं न्हाई, म्हणून माझी चौकशी झाली. हितं दार उघडायला दहा मिन्टं उशीर झाला तर सुमन भिंतीवरनं वरडती. चाळीस पुऱ्या झाल्यावर ती रोज चारला कशाला यील गं?"

मला राग आला, हसू आलं आणि मग रडूही आलं. तीन महिने या बाईने मला झाऱ्यावर नाचवलं होतं. मी पाय न वाजवता फाटकापर्यंत मागे गेले, डोळे पुसले, टोपली खडखडवली आणि जोरात खोकत आत शिरले.

एकोणचाळीस वस्तू पटापट झाल्या. झारा वर धरला. आक्कांच्या कपाळाला ठरलेल्या आठ्या पडल्या.

"चाळणी?"

"चुकलं," म्हणून मी फुली केली. मग वही मिटली. "आक्का, ह्या चाळीस लई कमी पडत्यात. उद्यापासनं शंभर आणते. शंभर झाल्या की रानातली झाडं. आन् झाडं संपली तरी चारचा च्या हितंच. मला एकटीला ग्वाड लागत न्हाई."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट सरळ केला.

"झारा," त्या हळूच म्हणाल्या.

मी फुली खोडली, बरोबरची खूण केली आणि चहा ठेवायला आत गेले.