हिराजीकाकांचं पोतं

आमच्या शेजारचे हिराजीकाका रोज सकाळी तांदळाचं एक पोतं सायकलवरून फिरवून आणत असत. गिरणीत न्यायला नाही, कुणाला द्यायला नाही, विकायला तर नाहीच. न्यायचं, तास-दोन तास हिंडवायचं आणि आणून ओटीवर होतं तिथे ठेवायचं. लोक कुत्र्याला फिरवतात, काका पोत्याला.

मी किहीमला शाळेत बदलून आलो आणि त्यांच्या नारळीच्या वाडीतली मागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी हे दृश्य दिसलं. कॅरिअरवर पोतं, पोत्याखाली फुलाफुलांची उशी. पेडल मारायच्या आधी काका मागे वळून म्हणाले, "धर गो घट्ट." मी इकडेतिकडे पाहिलं. आसपास बाईमाणूस कोणी नव्हतं. माझा चहा व्हायचा होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

सायकलही साधी नव्हती. पुण्याच्या मुलाने हौसेने घेतलेली, जाड टायरांची, बोकडाच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची. दोन रविवारांत मुलाची हौस फिटली आणि सायकल वडिलांकडे आली. "बाबा, हिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी," असं त्याने सांगितल्यापासून काकांच्या तोंडी ती 'खडीची सायकल' झाली. असल्या सायकलला कॅरिअर नसतो. काकांनी अलिबागच्या दुकानात बसून तो बसवून घेतला, वर पाठ टेकायला फळीही बांधून घेतली. दुकानदार म्हणे रडकुंडीला आला होता.

खरी गंमत पुढेच आहे. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. जन्म मुरुड, रेवदंडा, पनवेल या रस्त्यांवर गेला. आणि आता हा माणूस डांबरी रस्त्याचं नाव काढू देत नव्हता. "तिथनं गाडी जाते? मंग आपण न्हाय जात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरच्या वाण्याकडून काडेपेटी आणायची तरी ते तीन वाड्या, एक गोठा आणि देवळामागचं तळं अशी प्रदक्षिणा घालून जात. एकदा मलाही त्यांनी शाळेची अशी 'बिनगाडीची वाट' दाखवली. प्रार्थना संपल्यावर मी शेणाने माखलेल्या बुटांनिशी वर्गात शिरलो. मुलांनी त्या दिवशी मन लावून अभ्यास केला नाही.

काकांचा एक पण होता आणि तो साऱ्या आळीला ठाऊक होता. पावसाच्या आत सासुरवाडीला पोचायचं. सासुरवाडी डोंगरापलीकडे. मोटारीने जाल तर चहा निवायच्या आत पोचाल. पण काकांना गाडीचा रस्ता न लागता जायचं होतं. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून खाडीपर्यंत, तिथून खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावरून डोंगराच्या पायथ्याला, मग खिंडीतून पलीकडे. पाऊस लागला की बांधाचा चिखल होणार, म्हणून घाई. मेव्हणी फार थकली होती, अंथरुणावरच होती. त्यामुळे आणखी घाई.

"या वयात सासुरवाडीची एवढी ओढ?" मी एकदा चिडवलं.

"ओढ न्हाय तर काय? लगीन केलंय," काका म्हणाले आणि टायर दाबून बघू लागले.

वाटेत डांबरी रस्ता एकदा ओलांडावा लागत होता. त्यावर काकांनी दोन दिवस विचार केला, जेवणातही लक्ष नव्हतं. शेवटी निकाल दिला, "ओलांडला म्हंजे काय चाललो न्हाय त्याच्यावरनं. पण सासुरवाडीला निघायचं ते शनिवार-रविवार न्हाय. मंगळवारी, उजाडताना. तेव्हा वास पण नसतो."

वास कसला, ते मी विचारलं नाही. काकांना प्रश्न विचारला की उत्तरासाठी त्यांच्याबरोबर हिंडावं लागतं, आणि मला सकाळची झोप प्रिय आहे.

तरी एका रविवारी त्यांनी मला गाठलंच. मी माझ्या खटारा सायकलवरून मागे मागे. बांधावर एक ठिकाणी चाक घसरलं आणि पोतं गडगडत खाली चिखलात गेलं. काका सायकल टाकून धावले. पोत्याला दोन्ही हातांनी उठवून बसवलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "लागलं का गो?"

आता मात्र मी सावध झालो. घरी आल्यावर काकांच्या मंडळींना, म्हणजे पारूकाकूंना, सुचवून पाहिलं, की एकदा डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही. काकू ओटीवर वाल सोलत होत्या. बाई चणीने लहान, बोलणं थोडकं.

"मी तर म्हणते तांदूळच दाखवा डॉक्टरला," त्या म्हणाल्या. "एवढं हिंडून बिचाऱ्याचा भुगा झाला. गेल्या महिन्यात मला रेशनच्या काट्यावर उभी केली. म्हणे, काटा बरोबर हाय का बघतो. आणि घरी येऊन पोत्यातले तांदूळ काढत बसले. मी विचारायचं सोडलंय."

इतकं ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. शिक्षक आहे मी.

वाट जवळजवळ पुरी होत आली आणि अडली. बांध संपतो तिथे, डोंगराच्या पायथ्याला, मुंबईच्या एका शेटजींनी जागा घेतली होती. जुनी पायवाट त्या जागेतून जायची. शेटजींनी भोवती तारेचं कुंपण घातलं, मध्ये तळं खोदलं आणि तळ्याकाठी द्राक्षाचे वेल लावले. कोकणच्या दमट हवेत द्राक्षं! मांडव देखणा, पानं हिरवीगार, पण एकही घड कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. वेलींना धक्का लागू नये म्हणून आत कुणालाच सोडत नसत.

काका दर शनिवारी, शेटजी यायच्या दिवशी, फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. पोत्यासकट. रखवालदार हाकलायचा, काका बाजूला सरकायचे आणि पुन्हा उभे. "एसटीच्या ड्रायव्हरला फाटकाशी थांबायची सवय असते," म्हणायचे. वैशाख सरत आला तेव्हा ते माझ्या दाराशी आले. "मास्तर, तुम्ही चला. शिकलेलं माणूस बरोबर असलं की शेट खुर्ची देतो."

शेटजींनी खुर्ची खरंच दिली, सरबतही दिलं. माणूस दिलदार निघाला. सगळं ऐकून म्हणाले, "अरे काका, सायकलचा त्रास कशाला? माझी एसी गाडी घ्या, ड्रायव्हर घ्या. घरातून उचलून सासुरवाडीच्या दारात सोडेल."

"गाडी नको. वाट द्या," काका म्हणाले.

"पण गाडीत काय वाईट आहे?"

काकांनी तोंड वेलींकडे वळवलं. मग त्यांच्याकडेच बघत म्हणाले, "मंडळीला गाडी लागते."

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"लागते म्हंजे अशी तशी न्हाय. लिंबू झालं, आलं झालं, पेपरावर बसवून झालं. गोळी दिली तर दोन दिवस उठत न्हाय. लगीन झालं तेव्हा वरात बैलगाडीनं आणली. आता बैल ऱ्हायले कुठं? गुडघे धरलेत, डोंगर चालवत न्हाय. मी डुटीवरनं आलो की कपड्यांना डिझेलचा वास. म्हणून आधी विहिरीवर आंघोळ करायची, मग घरात पाय. थंडीत पण. तिनं कधी सांगितलं न्हाय, मीच ठरवलेलं. सगळ्या तालुक्यातली माणसं बसली माझ्या गाडीत. ती एकदा पण न्हाय. हिची मोठी बहीण हिला आईसारखी. ती वाट बघत्ये. हिला न्यायचंय ते अजून बोललो न्हाय मी. वाट पुरी झाल्याबिगर आशा लावायची न्हाय."

सगळ्या आळीला काकूंचं हे दुखणं माहीत असणार. पण जे सगळ्यांना माहीत असतं ते नव्या माणसाला कोणी सांगत नाही. मला एकदम त्या फुलाफुलांच्या उशीची आठवण झाली.

शेटजी उठले. "पहेलां केम न कह्युं? आधी बोलायचं ना!" असं रागानेच म्हणाले आणि रखवालदाराला दोन्ही फाटकं उघडून ठेवायला सांगितलं.

मंगळवारी, उजाडताना, आम्ही निघालो. कॅरिअरवरच्या उशीवर आता काकू बसल्या होत्या. त्यांनी नवी साडी नेसली होती, मांडीवर वालाची पिशवी होती आणि चेहरा भेदरलेला. त्यांनाही न्यायचं हे काकांनी आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. त्यावर त्या लगेच साडी शोधायला उठल्या म्हणे. डांबरी रस्ता रिकामा होता, तरी ओलांडताना काकूंनी पदर नाकाशी धरला आणि काकांनी श्वास. बांधावर त्या डोळे मिटून बसल्या. द्राक्षांच्या मांडवाखाली त्यांनी ते उघडले आणि खिंडीपर्यंत पुन्हा मिटले नाहीत. खिंडीच्या चढाला काका सायकल ढकलत होते, घामाने निथळत होते. काकू उतरायला बघत, काका उतरू देत नव्हते. मी मागून फळीला हात लावला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर, मी आणतो तिला."

बहीण पडवीत खाटेवर होती. दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या, मग कुणाचं काय झालं ते विचारून झालं. काका अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत बसले होते. चाकात हवा होती.

"आलीस कशी गो?" बहिणीने विचारलं. "कुणाच्या गाडीनं?"

"ह्यांच्या," काकू म्हणाल्या.

"आणि लागली न्हाय?"

"न्हाय." काकूंनी अंगणाकडे पाहिलं. "बरी चालवतात गो. उगाच न्हाय एवढी वर्षं लोकं बसत होती."

अंगणात पंपाचा आवाज थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू झाला, भलताच जोरात. ट्यूब फुटेल म्हणून मी सांगायला बाहेर गेलो, आणि काकांची पाठ बघून तसाच परत आत आलो.